घारीचा वाटा

जलाल मुलाण्याचं मटणाचं दुकान दिवाळीच्या तोंडाला बंद झालं, पण हे घारींना कुणी सांगितलं नव्हतं. चैत्र लागला तरी त्या रोज सकाळी दुकानाच्या पत्र्यावर येऊन बसायच्या. आधी एक यायची, मान तिरपी करून बंद फळ्यांकडे बघायची, मग तिच्या मागून बाकीच्या. घर दुकानाच्या पाठीलाच होतं. पत्र्यावर नखांची खरखर झाली की चुलीपाशी बसलेली साबेरा वर बघायची.

"आल्या बघ तुझ्या सवती," जलाल अंथरुणातूनच म्हणायचा. पूर्वी तो हे हसून म्हणायचा. आता नुसताच म्हणायचा.

सवती म्हणायचं कारण होतं. दुकान चालू असताना बोकड सोलून झालं की जलाल आधी उंबऱ्यात यायचा आणि फोपशाचा एक तुकडा वर भिरकवायचा. मग बाकीचं गिऱ्हाईक. त्याच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानंही. हात वर गेला की घार सुटायची आणि तुकडा खाली यायच्या आत घेऊन जायची. लग्न होऊन जुन्नरहून आलेली साबेरा पहिल्या दिवशी हे बघून घाबरली होती. मग तिलाही नाद लागला. जलाल बाजाराला गेला की तीच तुकडा फेकायची, आणि घारी तिचाही हात ओळखायला लागल्या.

विमानतळ माळावर होऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा तो लहान होता. धावपट्टी आखूड, विमानं छोटी, आणि ती आली की पोरं ओरडत पळायची, एवढाच त्याचा गावाला उपद्रव. मग कुणाच्या तरी मनात आलं की इथं बाहेरदेशी विमानं उतरली पाहिजेत. धावपट्टी वाढवायचं निघालं. लोकांची रानं गेली, रानांचे पैसे आले, पैशांच्या गाड्या झाल्या, आणि सहा महिन्यांत अर्ध्या गाड्या गॅरेजात जाऊन बसल्या. जलालला रान नव्हतंच. त्यामुळे त्याचं काय गेलं ते कुठल्याच मोजणीत आलं नाही.

त्याचं गेलं दुकान. मोठी विमानं येणार म्हटल्यावर सगळे नियम कडक झाले. विमानतळाच्या आसपास जनावर कापायचं नाही, उघड्यावर मांस आणायचं नाही, कारण मांसाला घारी येतात आणि घार इंजिनात गेली की विमान पडतं. हे सांगायला एक साहेब आला होता आणि त्याच्याबरोबर मंचरचा पारस. दलीचंद शेठचा हा नातू. आज्यानं मंचरच्या बाजारात किराणा विकला, नातू विमानतळाला माणसं पुरवत होता. पारस दुकानाच्या पायरीखालीच उभा राहिला. नाकाला रुमाल लावावासा वाटत होता, पण त्यानं लावला नाही. तेवढा तो चांगला होता.

"जलालभाऊ, नियमाला इलाज न्हाई," तो म्हणाला. "पण तुमचं नुकसान मला दिसतंय. तुमच्या दानियालला घेतो कामावर. पाखरं हाकायचं काम हाय."

जलालनं हातातली सुरी दांडीला दोनदा पुसली. आतून साबेरा म्हणाली, "कायमचं हाय का शेठ?"

"आधी माझ्याकडनं. मोठं विमान सुरू झालं की चांगल्या पोरांना ते कायम करणार हायेत. तवर एकबी पाखरू विमानाला लागता कामा नये."

वाडीला चघळायला एवढं पुरलं. ज्वारी हुरड्यात आली की बायका माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं हाकतात, त्याचं कुणी कौतुक करत नाही. मुलाण्याच्या पोराला मात्र त्यासाठी खाकी कपडे, बूट, जीप आणि पगार. "आमाला बी घ्या की वो शेठ," शेजारची मंगल पारसला म्हणाली होती, "माझ्या गोफणीपुढं तुमच्या बंदुका काय करतील." सगळे हसले. साबेराही हसली. खूप दिवसांनी घरात उद्याचं बोलता येईल असं काही आलं होतं.

पण काम हसण्यासारखं नव्हतं. धावपट्टीच्या कडेनं दिवसभर उन्हात फिरायचं, पाखरू दिसलं की फटाका उडवायचा. टिटव्या उठायच्या, बगळे उठायचे. घारी उठायच्या नाहीत. दुकान बंद झाल्यावर त्या माळाकडे वळल्या होत्या. गवत कापलं की उंदीर उघडे पडायचे, आणि घारी वरती घिरट्या घालायच्या. त्यांतल्या कितीतरी दानियालला तोंडओळखीच्या होत्या. एकीचा उजवा पंख कात्रीनं कापल्यासारखा होता. लहानपणी तो तिला लंगडी म्हणायचा.

"तिच्यावर फटाका टाकताना लई कसंतरी हुतं," तो एकदा जेवताना म्हणाला.

"पगार घेतोस न्हवं?" जलाल म्हणाला. "मग टाकायचा."

*

जत्रेच्या आठवड्यात दानियाल हात फडक्यात गुंडाळून घरी आला. फटाका नळीत अडकला होता, हातातच फुटला. उजव्या तळव्याची कातडी सुटून लोंबत होती. विमानतळावर कुणीतरी मलम लावलं होतं आणि उद्या कामावर ये म्हणून सांगितलं होतं.

साबेरानं फडकं सोडलं आणि मंगलला हाक मारली. मंगल कोरफडीचं पान घेऊन आली, गर काढून दिला.

"दृष्ट लागली पोराला," मंगल म्हणाली. "खाकीत लई उठून दिसतो. वाडीतली बारक्या डोळ्याची माणसं काय कमी हायेत का."

दृष्ट असेलही. पण साबेराच्या मनात दुसरंच येत होतं. ज्यांना तीन पिढ्या हातानं घास दिला, त्यांचा घास बंद झाला, आणि त्याच घरचा पोरगा त्यांच्या अंगावर आग फेकतोय. तळहातच भाजला, दुसरं काही नाही. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. रात्री पोराच्या हाताला वारा घालताना तिनं मनाशी ठरवलं की सदका काढायचा.

तिच्या जुन्नरच्या माहेरी रीतच होती. घरातलं माणूस दुखण्यातून उठत नसलं, परगावी निघालं, की मांसाचा तुकडा त्याच्या डोक्यावरून उतरायचा आणि घारीला टाकायचा. घार वर घेऊन गेली की बला गेली. तिची आई त्या तुकड्याला त्याच माणसाच्या जुन्या कपड्याचा दोरा बांधायची, म्हणजे वर गेल्यावर चूक नको, कुणाचा आहे ते कळावं.

दुसऱ्या दिवशी तिनं जलालकडे विषय काढला. तो अंगणात सुऱ्यांना तेल लावत बसला होता. सुऱ्यांना काम नव्हतं, तरी दर आठवड्याला तेल लागायचं.

"सोमवारी मोठं विमान येणार हाय," ती म्हणाली. "त्याच्या आधी पोराचा सदका निघाया पायजे. तुमी बेल्ह्याच्या बाजारास्नं येताना काळीज आणा."

"तांदूळ दे कुणालातरी. गरिबाला दे."

"दोन्ही देईन. पण घारीचं घारीला."

जलालनं सुरी खाली ठेवली. "साबेरा, घारीचं नाव आता या घरात काढू नगंस. त्यांचा आन आपला संबंध सुटला. सायबानं सांगितलंय ना?"

"त्यो दुकानाचा नियम हाय. एवढ्याशा तुकड्याचं काय मोठं?"

"एवढा असो नायतर तेवढा. न्हाई म्हणजे न्हाई."

तो उठून आत गेला. त्याचं तरी काय चुकत होतं. दोनच दिवसांपूर्वी भैरोबाची जत्रा होऊन गेली होती. आजवर वाडीत जत्रेचं बोकड मुलाण्याच्या सुरीशिवाय पडलं नव्हतं. देवाला नारळ फुटला की हाक यायची, "मुलाणी, चला." प्रत्येक बोकडामागे काळीज त्याचं, हक्काचं. घरी पातेली भरून काळीज यायचं आणि साबेरा ते पुन्हा वाटत बसायची. या वर्षी लोकांनी बोकडं टेम्पोत घातली आणि हद्दीबाहेर पाहुण्यांच्या गावी नेली. जलाल पहाटेच अंघोळ करून, टोपी घालून, सुरी फडक्यात बांधून तयार बसला होता. टेम्पो दारावरून गेला. मागे बसलेल्या एकानं ओरडून सांगितलं, "तिकडं त्यांचा मुलाणी हाय, जलालभाऊ. तुमी कशाला तरास घेता?" जलालनं हात वर केला, जाऊन या म्हणून. मग दिवसभर तो टोपी न काढता बसून राहिला. साबेराला त्याची इतकी दया आली की तिनं त्याच्याशी भांडायचंच सोडून दिलं.

*

सोमवारी जलाल भल्या सकाळी बेल्ह्याच्या बाजाराला गेला. तिथं एका खाटकाच्या ओट्यावर तो बाजारादिवशी मजुरीनं कापून द्यायचा. आपल्या वयाच्या निम्म्या माणसाला शेठ म्हणायचं आणि त्याच्या बोथट सुरीनं काम करायचं. मजुरीवर थोडं मटण, काळीज मिळायचं. ते तो डब्यात घालून, डबा पिशवीत, पिशवीवर कोथिंबीर अशी तयारी करून आणायचा. चोरी केल्यासारखं.

दुपार कलायला तो आला. डबा साबेराच्या हातात दिला, तांब्याभर पाणी प्यायला आणि ओसरीवर आडवा झाला. दानियाल आत झोपला होता. पहाटेची पाळी करून आला होता, आणि विमान येणार म्हणून चारला पुन्हा जायचं होतं. दुखरा हात त्यानं उशीवर वेगळा ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

साबेरानं डबा उघडला. काळजाचे मूठभर तुकडे बाजूला काढले. पेटीतून त्याचा निळा सदरा काढला, शाळेतला, आणि शिवणीतला दोरा ओढला. सगळ्यात मोठ्या तुकड्याला तो गुंडाळून गाठ मारली. मग वाटी घेऊन ती पोराच्या उशाशी बसली. डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा डोक्यापासून. ओठांतल्या ओठांत ती पुटपुटत होती. झोपेत त्याचं तोंड लहानपणासारखं झालं होतं. त्याच्या कपाळाला तिचा हात लागला तेव्हा तो हललासुद्धा नाही.

चारला तो उठला, खाकी चढवली, बूट घातले. पाय धरल्यासारखं करून म्हणाला, "अम्मा, आज नीट पार पडलं की झालं. पारसशेठ म्हणालाय, माझं नाव वर दिलंय."

"पडंल," साबेरा म्हणाली. "सगळं नीट पार पडंल."

मोटारसायकलचा आवाज लांब गेला तशी ती उठली. वाटी पदराखाली घेतली. जलाल घोरत होता.

वाडीत तुकडा टाकायचा नाही एवढं तिला कळत होतं. तेवढी ती नियमाला धरून होती. विमानतळ वाडीच्या मावळतीला, म्हणून ती उगवतीला निघाली, विमानतळाकडे पाठ करून. उगवतीला बोडकी टेकडी. आजवरची सगळी विमानं मावळतीकडूनच आलेली तिनं बघितली होती. टेकडीच्या पलीकडे लोणीच्या बाजूला नुसता माळ, तिथं कुणाला काय त्रास, असा तिचा हिशेब. धावपट्टी वाढवायचं काम निघाल्यापासून तिकडे बायकांचं जाणं बंद झालं होतं. पूर्वी शेण्या, सरपण आणायला जायच्या. आता घरोघरी गॅस होता आणि टेकडीला तार होती. तार एका ठिकाणी वाकवून शेरडं जायची. साबेराही तिथूनच गेली.

ऊन अजून चटके देत होतं. दगडावरून पाय घसरत होते, पन्नाशी उलटलेले गुडघे कुरकुरत होते. अर्ध्या वाटेत तिच्या पायाशी सावली सरकली. तिनं वर बघितलं. पत्र्यावरच्या घारी तिच्या मागून आल्या होत्या. एक, मग दुसरी, मग वर कितीतरी, गोल गोल. लंगडीपण होती. साबेराच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या दिवसांनी, तरी विसरल्या नाहीत. राग धरला नाही.

माथ्याच्या थोडं खाली सपाट कातळ होता. तिथं ती थांबली, दम घेतला, आणि दोरा बांधलेला तुकडा उचलून वर फेकला. "घे माय, पोराची बला घेऊन जा."

लंगडीनंच तो घेतला. मग साबेरानं बाकीचे तुकडे फेकले, एकेक करून, आणि घारी खाली येत होत्या, घेत होत्या, चिरक्या आवाजात भांडत वर जात होत्या. आभाळातून आणखी आल्या, कुठून कुठून आल्या. वाटी रिकामी झाली. तिला हलकं वाटलं. जाता जाता पलीकडे एक नजर टाकावी म्हणून ती माथ्यावर चढली.

पलीकडे टेकडी नव्हतीच. अर्धी टेकडी पाव कापावा तशी उभी कापली होती, आणि खाली, तिच्या पायांखाली म्हणावं इतकी जवळ, मावळतीकडून वाडीच्या बगलेनं वाढत नवी काळी धावपट्टी येऊन थांबली होती. कडेनं दिव्यांचे खांब. लांब एक मांडव, पताका, आणि पट्टीच्या कडेला उभी जीप. जीपजवळ खाकीतलं एक माणूस वर बघत दोन्ही हात हलवत होतं. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण एक हात पांढरा होता, फडक्यातला.

तेवढ्यात लोणीच्या बाजूनं आवाज आला. तिनं वळून पाहिलं. एवढं मोठं विमान तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते उगवतीकडून येत होतं, चाकं खाली सोडून, सरळ तिच्यावर.

"हट," ती ओरडली. "हट, हट, जा." घारींना ओरडत होती की विमानाला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खाली फटाका उडाला, मग दुसरा. घारी घाबरून वर उठल्या, नखांत तिचे तुकडे धरून, विमानाच्या वाटेत. आवाजानं तिचे कान बंद झाले. पदर उडाला, ती कातळावर पालथी पडली. काहीतरी धप्प झालं. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं.

मान वर केली तेव्हा विमान पट्टीवर उतरलं होतं, आणि त्याच्या एका पंखाखालून काळा धूर निघत होता.

*

माणसं सगळी सुखरूप होती. मंगलनं येऊन सांगितलं तेव्हा साबेरा भिंतीला टेकून बसली होती, कोपरं सोललेली. विमान पडलं नाही, पेटलं नाही, आतल्या बायका-पोरांना उतरवून गाडीतनं नेलं. पण मांडवातले हार तसेच राहिले. परदेशच्या कंपनीनं म्हणे आता इकडं यायचं नाही असं कळवलंय.

"दानियाल?" साबेरानं विचारलं.

"त्याला आतच बसवून ठेवलाय."

जलाल विमानतळाच्या दारात जाऊन उभा राहिला. पहाऱ्यावरच्या पोरांनी त्याला उभंच राहू दिलं. दानियाल घरी आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, पायी. मोटारसायकल पंक्चर होती की त्याच्या अंगात चालवायची ताकद नव्हती, कुणी विचारलं नाही. तो ओसरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एका हातानं त्या सुटेनात. जलाल खाली बसून नाड्या सोडू लागला.

"कामावरनं काढलं," दानियाल म्हणाला.

"का पण? तू फटाकं उडवलं की. आवाज आला वाडीत."

"उशिरा उडवलं. माझा डोळा लागला व्हता."

जलालचे हात थांबले. "डोळा लागला? एवढं इमान येतंय आन तुजा डोळा लागला?"

"हा."

"सायबाला असं सांगितलंस?"

"सांगितलं."

जलालनं आयुष्यात पोरावर हात उचलला नव्हता. आता उचलला. थप्पड ओसरीभर वाजली. दानियालनं मान खाली घातली, डोळे पुसले नाहीत. साबेरा दारात उभी होती. तिनं त्याला जागं पाहिलं होतं. दोन्ही हात हलवताना पाहिलं होतं. मग हा असं का म्हणतो?

"अम्मा, कपडे धुवून दे," तो म्हणाला. "खाकी परत द्यायचीय."

तिनं खाकी मोरीत नेली. धुण्याआधी खिसे बघायची सवय. पँटच्या खोल खिशात तिला रुमालाची पुरचुंडी लागली. रुमाल सुकून कडक झाला होता, वास मारत होता. तिनं तो उलगडला. आत काळजाचा तुकडा होता, काळा पडलेला, आणि त्याला निळा दोरा, गाठीसकट.

ती कितीतरी वेळ तशीच उकिडवी बसून होती. नळ वाहत होता. मागून दानियाल आला, नळ बंद केला, शेजारी दगडावर बसला.

"लंगडीच लागली," तो हळू म्हणाला. "मेलेलं पाखरू उचलायला मलाच पाठवत्यात. तिच्या नखात व्हतं. कुणी बघायच्या आत खिशात टाकलं."

"तू सांगायचं व्हतंस. माझ्या आईनं टाकलं म्हणून."

"घारी का जमल्या म्हणून इचारत व्हते. मांस कुणी टाकलं का, गावात खाटीक कोण हाय. दुसरं तिसरं कुणाचं घर हाय का हितं? अब्बाला नेलं असतं. मग म्हणलं, माझाच डोळा लागला. मग त्यास्नी दुसरं काय इचारायचं राह्यलं न्हाई."

साबेरानं तोंडात पदर कोंबला.

"दोरा तुला कसा कळला?" पदर काढून ती म्हणाली.

"उतरत व्हतीस तवा मी जागाच व्हतो."

"मग बोलला न्हाईस?"

दानियाल भाजलेल्या हाताकडे बघत राहिला. "बरं वाटत व्हतं," तो म्हणाला. "म्हणून डोळं उघडलं न्हाईत."

*

खाकी वाळली. साबेरानं घडी घालून पिशवीत भरली आणि जलालला न सांगता, पोराला न सांगता निघाली. विमानतळाच्या दाराबाहेर पारसची पत्र्याची खोली होती. पंखा फिरत होता, भिंतीला देवाचा फोटो, टेबलावर फोन वाजायचा थांबत नव्हता. पारसचं तोंड चार दिवसांच्या तापातून उठल्यासारखं दिसत होतं.

"चाची, कशाला आलात? पोराला पाठवायचं."

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं नकळत खुर्ची जराशी मागे घेतली. तिला ते दिसलं. खाकी दोनदा धुतली होती, तरी दिसलं.

"शेठ, पोराचा डोळा लागला नव्हता," ती म्हणाली. "मांस मी टाकलं. टेकडीवर. सदका व्हता पोराचा. मला पोलिसाकडं न्या, पन त्याला कामावर घ्या."

पारसनं फोन उलटा ठेवला. उठून दार लोटलं. बाहेर त्याची माणसं बसली होती, खाकीतली, वाडीचीच.

"चाची, हे मी ऐकलेलं न्हाई."

"खरं सांगते. कुराणाची शपथ घेते."

"खरं हाय म्हणूनच ऐकलेलं न्हाई." त्याचा आवाज खाली गेला होता. "पोरगा झोपला म्हटल्यावर एक पोरगा गेला. गावानं मांस टाकलं म्हटल्यावर काय व्हईल? माझं काम जाईल, वाडीतली सगळी पोरं काढतील. मंगलचा जावई हितंच हाय. आन तुमच्या घराला लोक काय म्हणतील? तुमी म्हणाल सदका. ते सदका म्हणणार न्हाईत चाची. ते दुसरंच काय तरी म्हणतील, आन मग ते टीव्हीवर म्हणतील."

साबेराला त्यातलं शेवटचं सगळ्यात नीट कळलं.

"मग माझा पोरगा झोपला असंच राहणार?"

"तसंच राहू द्या. त्यानं शहाणपणा केलाय." पारसनं पिशवी एका बोटानं उचलून कोपऱ्यात ठेवली. "दुसरीकडं कुठं लागलं तर बघतो. पण हितल्या कामात आता कुणी घेणार न्हाई त्याला. झोपणारा म्हणून नाव झालं."

तो दार उघडून उभा राहिला. बाहेरची पोरं गप्प झाली. एकानं जांभई दिल्यासारखं तोंड करून डोळे मिटले, दुसरा हसला. साबेरा त्यांच्यामधून गेली. त्या सगळ्यांच्या नोकऱ्या तिच्या पोरानं वाचवल्या होत्या, आणि हे त्यांना कधी कळायचं नव्हतं.

घरी आली तेव्हा बापलेक ओसरीवर होते. जलालनं सुऱ्यांचं फडकं सोडून मांडलं होतं. येत्या सोमवारपासून दानियालही बेल्ह्याला येणार, ओट्यावर हाताखाली. तळवा बरा होईपर्यंत नुसतं सोलायचं, डाव्या हातानं. जलाल पोराशी बोलत नव्हता, पण सुरी कशी धरायची ते डाव्या हातानं करून दाखवत होता. दानियाल बघत होता.

साबेरानं त्यांच्याकडे पाहिलं. जलालला सगळं सांगावं, त्या थपडेचं ओझं तरी काढावं, असं मनात आलं. पण सांगितलं तर हा माणूस टोपी घालून सरळ पोलिसात जाऊन बसेल, सुरी माझी, गुन्हा माझा म्हणेल. तिला त्याचा स्वभाव ठाऊक होता. म्हणजे हे आता तिलाच बाळगायचं होतं, तिला आणि पोराला.

पत्र्यावर खरखर झाली.

ती अंगणात आली. घारी बसल्या होत्या, लंगडीची जागा तेवढी मोकळी होती. त्यांनी माना तिरप्या करून तिच्याकडे बघितलं. साबेराच्या अंगातून जाळ उठला. तिनं, या हातानं, यांना इतकी वर्षं भरवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना हाकलायला हात उचलला, खांद्यापासून, जोरात.

हात वर जाताच सगळ्या घारी पत्र्यावरून सुटल्या आणि खाली तिच्याकडे आल्या.